नऊ जागांची गाडी

८ फेब्रुवारी

ठमे,

खुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस. ती बिचारी माझी नजर तपासत होती आणि मी तिची जीभ सैल करत होते.

कामाचं बोलते. घरातल्या तिन्ही गाड्या विकून एक मोठी व्हॅन घ्यायची असं ठरलंय. म्हणजे दादाने ठरवलंय आणि बाकीच्यांनी माना डोलावल्यात. आपल्याकडे ठरणं कशाला म्हणतात ते तुला माहीत आहेच. रस्त्यावर गाड्या लावायला आता बंदी आली आहे आणि गेटच्या आत जेमतेम दोन मावतात, हे निमित्त. बाबांची गाडी तशीही मोतिबिंदूच्या ऑपरेशनपासून धूळ खात उभी आहे.

शोरूममध्ये दोन व्हॅन पाहिल्या. एक आखूड, आठ जागांची. एक लांबडी, नऊ जागांची. घरात आम्ही आठ जण आहोत: आई, बाबा, खालच्या खोलीतले काका, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. हिशोब सरळ आहे, आखूड पुरते. पण शोरूममध्येच आईने पदर डोळ्यांना लावला आणि विक्रेत्याला म्हणाली, "आणि माझी धाकटी?" तो बावळट इकडेतिकडे बघायला लागला, धाकटी कुठे हरवली म्हणून. त्याला काय सांगणार?

तर दादाने मला तुला विचारायला सांगितलंय. त्याला स्वतःला लिहायचा धीर होत नाही. तू कधी येणार असलीस, या घराबरोबर कुठे जाणार असलीस, तर तसं कळव. नसलीस तर तसं. एक ओळ पुरे. मला काय, कुठलीही व्हॅन चालेल.

ताई

२ मार्च

ठमे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण रोज पेटी उघडून बघते आणि विजेचं बिल बाहेर काढते.

मागच्या पत्रात "मला काय, कुठलीही चालेल" असं लिहिलं ते साफ खोटं होतं. आता खरं सांगते, कारण साळसूदपणा करून तुझ्याकडून एक ओळही सुटत नाही.

आखूड व्हॅन आत लावली की तिच्या मागे माझी छोटी गाडी बरोबर बसते, मग ती विकायला निमित्तच उरत नाही. मी टेप लावून मोजलंय. लांबडी आली की गेटपासून जिन्यापर्यंत तीच ती. म्हणजे तू "येत नाही" म्हणालीस तर माझी गाडी राहते आणि "येते" म्हणालीस तर जाते. इतकं सोपं आहे.

गाडी गेली की माझं काम गेलं. तुला माझं काम म्हणजे लोकांचे पाय चोळणं वाटायचं. पण त्या गाडीच्या मागच्या सीटवर माझं व्यायामाचं घडीचं टेबल असतं, पट्टे असतात, वजनं असतात. खुब्याचं हाड मोडलेली एक गणिताची बाई आहे, टेकडीच्या पलीकडे राहते. तिच्याकडे बस जात नाही. परवा ती काठीशिवाय खिडकीपर्यंत चालली आणि मलाच शिव्या घालत रडली. टेबल खांद्यावर घेऊन मी तिच्याकडे पायी जाऊ का? आणि त्या गाडीत बसल्यावर मला कुणी "ताई, जरा" म्हणत नाही. दिवसभरात तेवढीच एक जागा आहे तशी.

मी दादाला म्हटलं, "ठमीला माझी जागा द्या. आखूडच घ्या. मी माझ्या गाडीने मागून येईन." मला वाटलं, कसं सगळं जुळवून आणलं! दादाचं तोंड उतरलं. आई म्हणाली, "पुन्हा दोन गाड्या? पुन्हा तेच?"

म्हणजे तो दिवस. चार वर्षं झाली, पण या घरात अजून कुणी त्याचं नाव काढत नाही, नुसतं "तेच" म्हणतात. मावशीकडून परत येताना चहाला थांबलो. तीन गाड्या होत्या. बाबांना वाटलं तू दादाच्या गाडीत आहेस, दादाला वाटलं माझ्या, मला वाटलं बाबांच्या. तुझा फोन बाबांच्या गाडीत चार्जिंगला. घरी आल्यावर आईने ताटं मांडली तेव्हा एक ताट उरलं. दादा धावत परत गेला तोवर तू उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून गेली होतीस, त्या नोकरीकडे, जिला बाबा नको म्हणत होते. नंतर एकदा आलीस ते बॅग भरायला. "तीन गाड्या मिळून तुम्हाला एक माणूस सांभाळता आलं नाही," म्हणालीस आणि जिना उतरलीस.

खरं आहे. पण आज मीही एक खरं बोलून घेते. त्या दिवशी माझ्या गाडीत तीन जागा मोकळ्या होत्या. निघताना मी म्हटलं होतं, "बस की माझ्याबरोबर." तू म्हणालीस, "तुझ्या गाडीला मलमाचा वास येतो."

आता त्या तुझ्या रागाची भरपाई माझी गाडी देऊन करायची चालली आहे. एकच गाडी, सगळे एकात, कुणी मागे राहायला नको. तेव्हा कृपा कर आणि "येणार नाही" असं लिही. तसंही तू येणार नाहीस. जे करायचंच नाही ते नाही म्हणून कळवायला इतकं काय जड जातं?

ताई

१९ मार्च

ठमे,

काल घरात व्हॅन आली. खरी नव्हे. दादाने दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावलं आणि जेवणाच्या खुर्च्या, काकांचा स्टूल, वहिनीची ड्रेसिंगटेबलची खुर्ची अशा सगळ्या गोळा करून तीन रांगा मांडल्या. "आधी बसून बघू. नंतर कटकट नको." तुला त्याचा हा सोस माहीत आहे. तुझ्या खोलीला रंग द्यायचा होता तेव्हा त्याने महिनाभर भिंतीवर चौकोन रंगवून ठेवले होते.

सगळे आपापल्या जागी बसले. बाबा आणि आई मधल्या रांगेत, आईच्या शेजारी खिडकीकडची खुर्ची रिकामी, ती तुझी. म्हणजे खिडकी नव्हती, कपाट होतं, पण आईने त्या खुर्चीवर हात ठेवला होता. मागे काका आणि दोन्ही पोरं. काकांचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण ते म्हणाले, "मस्त ऐसपैस आहे!" काकांनी आयुष्यात कशाला वाईट म्हटलंय? पुढच्या रांगेत दादा आणि वहिनी. दादा मागे वळून बाबांशी गप्पा मारत होता. म्हणाला, "बघा, असं सगळं घर एकत्र! नाहीतर मी आपला स्टिअरिंगला चिकटलेला, कुणाशी दोन शब्द बोलणं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात चहाचा ट्रे. माझ्यासाठी खुर्ची उरली नव्हती म्हणून मी उभी होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग धाकटी पोरगी म्हणाली, "पण बाबा, गाडी चालवतंय कोण?"

आठ खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या मागे बसायच्या. ड्रायव्हरची खुर्ची मांडायलाच विसरले होते. अख्खं घर ड्रायव्हरशिवाय निघालं होतं आणि खिडकीबाहेरची हवा खात होतं. मला इतकं हसू आलं की ट्रेमधला चहा सांडला.

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ताई चालवेल की," दादा म्हणाला. "तिला सवय आहे. तशीही दिवसभर फिरतच असते."

वहिनी म्हणाली, "हो ना. मला तर मोठ्या गाडीची भीतीच वाटते बाई."

मी म्हटलं, "आणि माझे पेशंट?"

"व्हॅन आहेच की," दादा म्हणाला. "पोरांना शाळेत सोडायचं, मला ऑफिसात टाकायचं, काकांना दवाखान्यात न्यायचं. मधल्या वेळात तू मोकळी. एकाच कामाला चिकटून चालतंय का? जरा जमवून घ्यायचं."

तो स्टूल काकांनी उठून माझ्यासाठी पुढे आणून ठेवला. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. मी त्या स्टुलावर सगळ्यांकडे पाठ करून बसले, समोर भिंत. मागून आई म्हणाली, "हं, आता झालं घर पूर्ण."

बाबा हल्ली बोलतच नाहीत, नुसते बघतात. डोळे नवे झाल्यापासून तर जास्तच.

अजून वेळ आहे. पैसे भरले नाहीत. आई तुझ्या उत्तरासाठी थांबली आहे. एक "नाही" लिही, ठमे. मी तुझ्यापुढे कधी हात पसरले नाहीत. आज पसरते आहे.

ताई

४ एप्रिल

तुझं कार्ड आलं. आईच्या नावाने. मी चार पानं लिहिली, आणि उत्तर आईला.

"जागा ठेवा. खिडकीजवळची. येईनच असं नाही."

शाब्बास. इतक्या वर्षांत घराला लिहिलेल्या तीन ओळी आणि त्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली. आईने ते कार्ड दहा वेळा वाचलं. नंतर बाबांना वाचून दाखवलं, नंतर काकांना, नंतर खाली दूधवाल्याला. "येईनच असं नाही" हे ती वाचतच नाही, तिथे आल्यावर तिचा आवाज बारीक होतो आणि ती कार्ड उलटं करते. दादाने त्याच दुपारी लांबड्या व्हॅनचे पैसे भरले.

मला एकच सांग. माझी पत्रं वाचलीस का? वाचली असशील तर तू मला जाणूनबुजून खड्ड्यात ढकललंस. वाचली नसशील तर न वाचताच ढकललंस. कुठलं बरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. तू कधी येणार नाहीस आणि आलीस तरी त्या गाडीत बसणार नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे. तुला फक्त जागा अडवून ठेवायची आहे. लहानपणी ताटातलं न आवडलेलंही तू कुणाला उचलू द्यायची नाहीस, तशी.

माझी गाडी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने घ्यायची कबूल केलीय. तिच्यात पाव भरून पोचवणार म्हणे. मलमाच्या वासाचं काय करणार असं मी विचारलं, तर म्हणाला, "पावाचा वास सगळ्यांना पुरून उरतो, ताई." गणिताच्या बाईला मी अजून सांगितलेलं नाही. ती पुढच्या महिन्यात जिना चढणार आहे, आणि तिला धरायला कोण असेल ते मला माहीत नाही.

यापुढे तुला लिहिणार नाही.

२७ एप्रिल

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण हे सांगायला दुसरं कुणी नाही. तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही.

व्हॅन परवा संध्याकाळी आली. शोरूममधून मीच चालवत आणली, विक्रेत्याने सगळे खटके मलाच दाखवले. चंदेरी रंगाची, लांबलचक, गेटातून आत घेताना दोन्ही आरसे मिटवावे लागतात. काल सुट्टी होती. सगळ्यांनी तळ्यावर जायचं ठरवलं, पहिली सहल. बेकरीवाला संध्याकाळी येऊन माझी गाडी नेणार होता, म्हणून ती बाहेर रस्त्यावर लावली होती, एक दिवस दंड झाला तर झाला. मी टेबल आणि पट्टे काढून ठेवायला मुद्दाम उशीर करत होते. ते अजून मागच्या सीटवरच होते.

निघताना दादा म्हणाला, "आज पहिला दिवस, मी चालवतो. शेजाऱ्यांनाही बघू दे." मी किल्ली दिली. सगळे चढले. तेवढ्यात आईने आतून मान बाहेर काढून मला सांगितलं, "गॅस बंद आहे का बघून ये गं. आणि मागच्या दाराची कडी."

मी गेले. गॅस बंद होता. कडी लावली. बाहेर आले तर गेट सताड उघडं आणि आत नुसती रिकामी फरशी.

मला आधी वाटलं, वळवून आणायला गेला असेल. मी पायरीवर बसले. समोरच्या घरातली बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, ती म्हणाली, "तुम्ही नाही गेलात?" मी म्हटलं, "येतायत न्यायला." तिचे सगळे कपडे वाळत घालून झाले, मग तिने रिकामी बादली उचलली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिच्या त्या न बघण्याने मला कळलं. माझे कान तापले, ठमे. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाज वाटण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

मग फोन आला. दादाचा. मला वाटलं, आता माफी मागेल, मी भाव खाईन, असं सगळं मनात ठरवून फोन घेतला.

"अगं, ते डिझेलचं झाकण कसं उघडायचं?"

मी म्हटलं, "सीटखाली डाव्या बाजूला खटका आहे."

"थांब हं... सापडत नाहीये. जरा पुढे येऊन दाखव ना."

"मी घरी आहे."

"घरी म्हणजे?"

मागून वहिनीचा आवाज आला, "असं काय करताय, ताई मागे झोपल्यात ना?" मग काकांचा, "इकडे नाही बुवा." मग पोरं हसायला लागली. आणि मग आई. तिचा आवाज मी कधी विसरणार नाही. "पण एकच जागा रिकामी होती!" ती ओरडत होती. "मी बघितलं की निघताना! एकच रिकामी होती!"

कळलं का तुला? तुझ्या जागेवर कुणी बसू नये म्हणून आईने तिथे स्वतःची पिशवी ठेवली होती, त्यामुळे ती भरलेली दिसली. दादा पुढे चालवायला गेला, त्याची जागा रिकामी झाली. निघताना सगळ्यांनी एक रिकामी जागा पाहिली आणि म्हणाले, बरोबर, ती ठमीची. सगळे निश्चिंत झाले. जी या घरात नाही तिची आठवण ठेवता ठेवता जी गॅस बघायला गेली तिला सोडून गेले. आणि तेही तुझ्या वेळेसारखे तीन गाड्यांत नाही. एका गाडीत!

दादा म्हणाला, "थांब, वळतो, घ्यायला येतो." मी म्हटलं, "खटका सीटच्या खाली आहे, सीटच्या बाजूला नाही. हात खाली घाल." आणि फोन ठेवला.

बेकरीवाल्याकडे गेले. म्हटलं, गाडी विकायची नाही. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत, उलट एक पाव बांधून दिला. घरी येऊन दोन पिशव्या भरल्या. घराची किल्ली कुंडीखाली ठेवली. व्हॅन वळून येईपर्यंत मी टेकडी ओलांडली होती. गणिताच्या बाईकडे मागच्या बाजूला एक खोली आहे. भाडं म्हणून मी तिला जिना चढवणार आहे.

हे तिच्या टेबलावर लिहिते आहे. तुला माफ केलं असं समजू नकोस. त्या पायरीवर बसले होते तेव्हा तुझी फार आठवण आली, एवढंच. तुझ्या हातात तर तेव्हा फोनसुद्धा नव्हता.

ताई

१८ मे

ठमे,

काल दादाच्या धाकटीचा फोन आला. तिने सगळ्या बातम्या दिल्या. व्हॅन आता दादाच चालवतो, त्याची कंबर धरलीय, आणि तो मला विचारत होता म्हणे की कुठला व्यायाम करावा. मी सांगितला नाही. गेटातून आत घेताना त्याने व्हॅनची एक बाजू खरवडून काढलीय. बाबांनी एके दिवशी जेवताना अचानक "स्टूल कुठाय?" असं विचारलं आणि पुन्हा भात कालवायला लागले.

मग ती हळूच म्हणाली, "आत्या, एक गंमत सांगू? आजी आता दोन पिशव्या नेते."

"दोन कशाला?"

"एक ठमीआत्याच्या जागेवर ठेवते. आणि एक तुझ्या. दुसऱ्या बाजूच्या खिडकीपाशी. आईला, काकाआजोबांना, कुणालाच बसू देत नाही. आम्ही सगळे मागे कोंबून बसतो. आजी म्हणते, माझ्या दोन्ही मुली खिडकीशी बसणार."

फोन ठेवला आणि खूप वेळ मी हसत होते. गणिताच्या बाईने आतून विचारलं, काय झालं, तर मी हसतच तिला जिन्याशी नेलं.

चाळीस वर्षं मी त्या घरात होते. मला स्टूलदेखील मिळाला तो काकांनी स्वतःखालचा काढून दिला म्हणून. आणि आता मला खिडकी मिळाली आहे, मखमली गादीची, पट्ट्यासकट. निघून गेल्याशिवाय त्या घरात बसायला जागा मिळत नाही. तुला हे चार वर्षांपूर्वीच कळलं होतं.

एक कार्ड मला टाकायला काय झालं होतं तुला?

ताई